दुसरी बाटली

४ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलच्या संमतिपत्राची बावीस पानं. मी मोजली. आणि वाचायला वेळ किती – तर मशीनमधला चहा गार होईपर्यंत. "निवांत वाचा हं, आजी," असं म्हणून ती फाईलवाली मुलगी पेनाचं टोपण काढून समोर उभी. मी कोणाची आजी नाही. मूल नाही, तर नातवंडं कुठून आणू?

सगळी वाचली. वन्सं तोवर भिंतीवरचं घड्याळ बघत बसल्या होत्या. रक्त त्यांचं, ल्युकेमिया त्यांचा, आणि कागद वाचायचे मी. आयुष्यभर हेच. हे गेले तेव्हा त्यांची ही धाकटी बहीण माझ्या पदरात टाकून गेले. दोघी विधवा, एक फ्लॅट, दोन कपाटं. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवणारी मी.

प्रकार असा. गेल्या वर्षीच्या केमोने आजार दबला आहे. गेला नाही, दबला. तो पुन्हा उलटू नये म्हणून एक नवी गोळी निघाली आहे आणि ती खरंच काम करते का ते बघायचं आहे. निम्म्या लोकांना खरी गोळी. निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवतो. पेशंटला सांगत नाहीत. "आम्हालाही माहीत नसतं," मोठे डॉक्टर म्हणाले. हसून.

हे मला सांगतात! एकतीस वर्षं मी परीक्षा मंडळाच्या बंद खोलीत बसून तेच केलं. उत्तरपत्रिकेचा वरचा तुकडा फाडायचा – त्यावर मुलाचा बैठक क्रमांक असतो. दोन्ही भागांवर आमचा गुप्त नंबर घालायचा. तुकडे लोखंडी कपाटात. तपासणाऱ्याला पेपर कोणाचा ते कळता कामा नये. आणि तरी कोणाकोणाला कळायचं, तेही मी पाहिलं आहे. कपाटाची किल्ली कोणातरी माणसाच्याच खिशात असते.

साक्षीदार म्हणून सही केली. न करून सांगते कोणाला.

बाटल्या दोन, प्रत्येकीत चौदा गोळ्या. आधी पहिली संपवायची, मग दुसरी. नंबर ३१८, ३१९. लिहून ठेवलेले बरे.

५ जानेवारी

हॉस्पिटलने एक छापील वही दिली आहे. गोळी घेतली का, मळमळ, ताप, तोंड येणे – समोर होय-नाहीच्या चौकटी. वन्संचा हात थरथरतो, म्हणून ती मी भरायची. चौकटी एवढ्याशा. त्यात माझं काय मावणार? म्हणून ही दुसरी वही. ती त्यांना दाखवायची, ही नाही.

१२ जानेवारी

काही नाही. मळमळ नाही, ताप नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१८ जानेवारी, गुरुवार

दुसरी बाटली सुरू. मी रोज गोळ्या मोजते म्हणून वन्संनी बाटल्या आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "वहिनी, मी काय कॉपी करणारी पोरगी आहे? उठल्यासुटल्या झडती!" म्हटलं, तुमची नाही, त्यांची झडती घेते आहे. तर म्हणतात, "मग त्यांच्या कपाटाला जाऊन हात लावा."

पंधरा दिवसांत एक पुटकुळीसुद्धा नाही. रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध आणि माणसाला साधी ढेकर येऊ नये? पिठाची गोळी आहे. माझी खात्री आहे. बावीस पानांची सही घेऊन पीठ चारताहेत.

१ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली फेरी संपली. फाईलवालीने रिकाम्या बाटल्यांचे नंबर ताडून पाहिले, मी भरलेल्या छापील वहीतल्या चौकटी पाहिल्या. "अरे वा, आजी, किती सुंदर अक्षर!" आमच्या मिशनच्या शाळेत अक्षर बिघडलं की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या, सुंदर काय फुकट झालं? विचारलं, सगळ्या रकान्यांत 'नाही' आहे, यावरून काय समजायचं? म्हणाली, काहीच समजायचं नसतं. बघा! काही समजायचंच नाही, तर लिहून कशाला घेता?

नव्या बाटल्या ३३३, ३३४.

तो टोपीवालाही आज होता. बसवर कंडक्टर होता म्हणे, आता रिटायर. केमोच्या वेळी वन्संच्या शेजारच्या खुर्चीत सुई लावून बसायचा आणि तासन्‌तास बोलायचा. केस गेले तेव्हा घातलेली लोकरीची टोपी केस आले तरी काढत नाही. त्याची मुलगी त्याला फाटकाशी सोडते आणि कामावर पळते, की हा आमच्या बाकावर. तोही याच ट्रायलमध्ये, वारही तोच. आज मात्र बोलणं कमी. तोंडात लिमलेट धरल्यासारखा बोलत होता. "तोंड सोललंय, वहिनी. पाणीसुद्धा गार करून पितो." वन्सं मला वहिनी म्हणतात, म्हणून हाही वहिनी म्हणतो. नातं लावायला कोणी सांगितलं?

फाईलवर शिक्का मारून आणायला खिडकीशी गेले. परत येते तो दोघं एकदम गप्प. वन्संची पर्स मांडीवर, तिच्यावर शाल. थंडी नव्हती.

सदुसष्टाव्या वर्षी हे काय?

१५ फेब्रुवारी

दुसरी बाटली सुरू.

२० फेब्रुवारी, मंगळवार

तोंड आलं! वन्संच्या खालच्या ओठाच्या आत पांढरे चट्टे, जिभेच्या कडेला दोन. जेवताना डोळ्यांत पाणी. म्हणजे गोळी खरी आहे. देवा, मी खूश झाले. माणसाचं तोंड सोललं म्हणून खूश होणारी मी पहिलीच बाई असेन.

वन्सं म्हणतात, "गोळीचं काही नाही, नवी कवळी घासते." कवळी नवी खरी, डिसेंबरमध्ये बसवलेली. पण मग दीड महिना का घासली नाही?

वहीत 'तोंड येणे – होय' लिहिलं. त्यांनी समोर 'कवळीमुळे' लिहायला लावलं.

२३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कवळी आत-बाहेर करून पाहिली. "चपखल बसते आहे." वन्सं म्हणाल्या, घासा जरा तरी. त्याने दोन मिनिटं मशीन फिरवलं. उगाच. मला खात्री आहे, हवेतच फिरवलं.

१ मार्च, गुरुवार

नव्या बाटल्या ३५०, ३५१.

आज टोपीवाला खणखणीत बोलत होता. मशीनचा चहा वाफाळता प्यायला, त्यात बिस्कीट बुडवून खाल्लं. आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "वहिनी, पंधरा तारखेनंतर ताईंना गरम काही देऊ नका. दूध फ्रीजमध्ये ठेवून द्या. बरं पडतं."

पंधरा तारखेनंतर. याला तारीख कशी ठाऊक? झालेलं कोणीही सांगेल, हा होणारं सांगतो. आज एक आहे.

याला कोणीतरी आतून सांगतं आहे. फाईलवाली हसून बोलते त्याच्याशी – मी पाहिलं आहे. कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात आहे ते आता कळायला लागलं.

६ मार्च

वन्संचं तोंड साफ बरं झालं. लोणच्याची फोड मागून घेतली. मी विचारलं, कवळी आता घासत नाही का? म्हणाल्या, "घासून आणली ना?" बिनतोड उत्तर. बिनतोड उत्तर देणाऱ्या माणसाचा मला नेहमीच संशय येतो.

१५ मार्च

दुसरी बाटली. बघू.

१९ मार्च, सोमवार

आलं तोंड. टोपीवाल्याने सांगितलं तस्संच.

दूध मी गारच दिलं. दुसरं करणार काय?

२२ मार्च, गुरुवार

आज पकडलं.

वन्सं सकाळी बाटली बेसिनवर विसरल्या. उचलून नंबर वाचला. ३४५. चष्मा पुसून पुन्हा वाचला. ३४५. माझ्या वहीत एक मार्चला माझ्या हाताने लिहिलं आहे – ३५०, ३५१. मी नंबर चुकत नाही. लाखभर पेपरांवर नंबर घातले आहेत, एक चुकलेला दाखवा.

म्हणजे मधल्या मधे बाटली बदलली. एक पंधरवडा खरी, एक पंधरवडा खोटी – काय खेळ चालवला आहे हा? की कोणा वशिल्याच्या पेशंटला आमची खरी बाटली देऊन त्याची आमच्या गळ्यात मारली? आणि टोपीवाला त्यात दलाल?

वन्संना काही बोलले नाही. घाबरतील. बाटली जागेवर ठेवली.

२४ मार्च, शनिवार

पत्र टाकलं. त्या बावीस पानांतल्या एकोणिसाव्या पानावर, सगळ्यात बारीक टाइपात, पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा पत्ता आहे. कोणी वाचत नाही असं त्यांना वाटत असणार. दोन पानी पत्र, तारखांसकट, नंबरांसकट, तोंडाच्या चट्ट्यांसकट. शेवटी लिहिलं – हा प्रकार मी माझ्या नोकरीत केला असता तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

रजिस्टर्ड पोस्टाने. पोचपावती येईल.

हलकं वाटलं.

२९ मार्च, गुरुवार

आज अक्षर धड येत नाही. अक्षर बघून सिस्टरनी पट्टी उगारली असती.

नव्या बाटल्या मिळाल्या – ३६६, ३६७. मी वहीत उतरवल्या आणि शिक्क्याला जाते म्हणून निघाले. गेले नाही. रक्तदानाचा मोठा फलक आहे, त्याच्या मागे उभी राहिले. मला बघायचं होतं फाईलवाली टोपीवाल्याला काय देते ते.

फाईलवाली फिरकलीच नाही. वन्संनी शाल पुढे घेतली. पर्समधून ३६७ काढली. टोपीवाल्याने टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली होती – वर्षभरात प्रथम त्याचं डोकं पाहिलं, पिलासारखे केस. वन्संनी बाटली टोपीत टाकली. त्याने टोपीतून दुसरी काढून पर्समध्ये सरकवली. दोघांचे चेहरे समोर. वर्गात चिठ्ठी पास करणाऱ्या पोरींचे असतात तसे.

माझ्याच घरात कॉपी. आणि मी सगळं हॉस्पिटल झाडून काढलं!

घरी येऊन चपला काढायच्या आधी विचारलं. वन्सं पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "कळलं ना? बरं झालं. मला लपवाछपवीचा कंटाळा आला होता."

फेब्रुवारीपासून चाललं आहे. दोघांपैकी एकाची खरी असेल आणि एकाची खोटी, असं त्यांनी आपलं धरलं. मग ठरवलं की पहिली बाटली ज्याची त्याने खायची, दुसरी बदलून घ्यायची. रिकाम्या बाटल्या पुढच्या खेपेला परत, म्हणजे फाईलवालीला नंबर जुळलेले मिळतात. "म्हणजे कोणीच अगदी कोरडं राहत नाही, वहिनी. अर्धं अर्धं."

"आणि दोघांच्याही खोट्या असल्या तर?"

"तर दोघं मिळून पीठ खाऊ."

"आणि अर्ध्या औषधाने कोणालाच गुण आला नाही म्हणजे?"

वन्संनी शालीची घडी घातली. मग म्हणाल्या, "तो म्हणाला होता, ताई, मी खरी खात असेन आणि तुम्ही समोर बसून पीठ खात असाल, तर मला गिळवणार नाही. मी म्हटलं, मलाही नाही."

मी म्हटलं, लोकांना याच्यावरून उद्या औषध द्यायचं आहे. तुम्ही दोघं खोटा पेपर लिहिताय. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझ्या पोराच्या वेळी तुमचं बरोबर होतं."

बावीस वर्षांत तो विषय निघाला नव्हता. भाचा बारावीला बसला होता. त्याचा पेपर माझ्याच टेबलावर आला. वन्संनी विचारलं होतं, नुसता गुप्त नंबर सांगा, पुढचं मी बघते. मी सांगितला नाही. तो गणितात नापास झाला. वन्सं दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. आता त्याचं परदेशात छान चाललं आहे, दर रविवारी फोन करतो, पण म्हणून ते विसरलं जात नाही.

"तेव्हा तुमचं बरोबर होतं," वन्सं म्हणाल्या, "मी रडले, पण तुमचंच बरोबर होतं. आता एवढं माझं राहू द्या. कोणाला सांगू नका."

पत्र पाच दिवसांपूर्वी पोस्टात गेलं आहे. हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

२ एप्रिल

पोचपावती आली. सही, शिक्का, तारीख. आयुष्यात इतकी वेळेवर पोचपावती कधी आली नव्हती.

१२ एप्रिल, गुरुवार

दुसरी बाटली.

१८ एप्रिल, बुधवार

तोंड आलं आहे. काल रात्रीपासून.

वन्सं दुपारी झोपल्या तेव्हा ही वही पहिल्यापासून वाचली आणि मागच्या पानावर दोन रकाने आखले. सवयीने. एकात तारखा, एकात तोंड.

जानेवारीत दोन्ही बाटल्या वन्संच्या स्वतःच्या. काहीच नाही. फेब्रुवारीत पहिली बाटली स्वतःची – काही नाही. दुसरी त्याची – तोंड आलं. मार्चमध्ये स्वतःची – बरं झालं, लोणचं खाल्लं. त्याची – तोंड आलं. आता पुन्हा तेच.

पेपर कोणाचा ते मला कळलं आहे. वन्सं पीठ खात होत्या. खरी गोळी त्याची आहे.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी लोखंडी कपाट कधी उघडलं नाही. आज आपल्याच स्वयंपाकघरात बसून उघडलं.

आता हे वन्संना सांगितलं तर त्या पुढच्या खेपेला बाटली बदलणार नाहीत. मी त्यांना ओळखते. त्याची त्याला परत देतील आणि शांतपणे पीठ खात बसतील, आजार उलटेपर्यंत. नाही सांगितलं तर दर महिन्याला चौदा गोळ्या मी त्या माणसाच्या ताटातून उचलून आमच्या ताटात वाढणार. ज्याला मी दलाल म्हटलं, त्याच्या.

कवळी घासते म्हणे. बिचाऱ्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१९ एप्रिल

झोप नाही. पहाटे आठवलं ते लिहून ठेवते.

एक फेब्रुवारीला त्याचं तोंड सोललेलं होतं. तेव्हा तो महिनाभर स्वतःच्या गोळ्या खात होता. एक मार्चला चहात बिस्कीट बुडवलं. तेव्हा नुकत्याच वन्संच्या चौदा संपवल्या होत्या. मी एवढं लिहून ठेवलं आणि वाचलं नाही. फक्त खणखणीत बोलतो याचाच राग आला.

आणि गार दूध. पंधरा तारखेनंतर. त्याला आतून कोणी काही सांगितलं नव्हतं. कुठली बाटली तोंड सोलते ते त्याच्याच तोंडाला कळलं होतं. आणि कळल्यावरही त्याने त्याच दिवशी, माझी पाठ वळताच, बाटली पर्समध्ये टाकली.

२० एप्रिल, शुक्रवार

समितीतल्या बाईंचा फोन. आवाज अगदी सभ्य. तुमचं पत्र आम्ही फार गांभीर्याने घेतलं आहे. सव्वीसला याल तेव्हा दहा मिनिटं भेटा. वही घेऊन या.

कुठली वही, विचारलं. म्हणाल्या, तुम्ही पत्रात लिहिलंय ना, नंबर तुमच्या वहीत आहेत म्हणून.

खरं सांगितलं तर दोघांनाही ट्रायलमधून काढतील. मग कोणालाच काही नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

आधी त्यांना गाठलं. वन्सं रक्त द्यायला आत गेल्या होत्या. कंडक्टर एकटेच बाकावर, टोपी मांडीवर तयार. मी शेजारी बसले. पहिल्यांदाच.

म्हटलं, खरी गोळी तुमची आहे.

त्यांनी दाराकडे पाहिलं. "ताईंना माहीत आहे?"

"नाही. मला आठ दिवसांपूर्वी कळलं."

"मला फेब्रुवारीत."

मी विचारलं, मग थांबला का नाहीत? करार झाला तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ही वाटणी नाही राहिली, हे दान झालं.

त्यांनी टोपीच्या लोकरीचा एक सुटा धागा ओढला. मग म्हणाले, "वहिनी, चौतीस वर्षं बसच्या दारात उभा राहिलो. गाडी भरली की दार लावायचो, बाहेरचे शिव्या घालायचे, घालू दे. पण एकदा आत घेतलेल्या माणसाला, गर्दी झाली म्हणून मधेच उतरवलं नाही कधी."

"आणि तुमची मुलगी?"

"तिला कळलं तर तुमच्या घरी भांडायला येईल. बरोबरच आहे तिचं." हसले. "रिपोर्ट चांगले आहेत माझे. डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टरांना काय कळतं, त्यांना गोळी कुठली तेसुद्धा माहीत नाही."

"तेच तर, वहिनी. तुम्हाला सगळंच माहीत असतं, म्हणून तुम्हाला झोप येत नाही."

वन्सं दंडावर कापूस दाबत बाहेर आल्या. मी उठले आणि शिक्का मारून आणते म्हणाले. आणि या वेळी खरोखरच खिडकीशी गेले. पाठ करून उभी राहिले. जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त.

मग समितीच्या बाई. छोटी खोली, टेबलावर माझं पत्र, काही ओळींखाली पेन्सिलीची रेघ. बाजूला मोठे डॉक्टर. आज हसत नव्हते. म्हणाले, "तुमच्यासारखं वाचणारं माणूस मिळत नाही आम्हाला. एका बाटलीची जरी अदलाबदल झाली असेल तरी आम्हाला कळायला हवं. या आकड्यांवरून उद्या हजारो लोकांना औषध द्यायचं की नाही ते ठरणार." शब्दन्‌शब्द खरा. मीच लिहिलं असतं.

"तो ३४५ नंबर, तुम्ही नक्की वाचलात?"

मी म्हटलं, वाचण्यात चूक झाली. चष्म्याचा नंबर वाढला आहे. नंतर पाहिलं तर ३५१ च होता.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना संशय आला होता. त्यांच्या जागी मी असते तर मलाही आला असता. "वही आणली आहे का?"

घरी राहिली, म्हटलं. वही पर्समध्ये होती.

कागदावर लिहून घेतलं – तक्रार मागे, कारण माझी चूक. सही केली. अक्षर स्वच्छ आलं, याचंच आश्चर्य वाटलं.

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "एवढा वेळ?" म्हटलं, रांग होती.

नव्या बाटल्या ३८२, ३८३. पर्समधली दुसरी कुठल्या नंबरची आहे ते विचारलं नाही. या वेळी वहीत लिहिणार नाही.

३ मे

काही विशेष नाही. वन्संनी दोन वेळा लोणचं घेतलं. रविवारी भाच्याचा फोन आला होता, आईचा आवाज चांगला वाटतो म्हणाला. म्हटलं, हो, चांगला आहे. फोन ठेवल्यावर हात धुतले. का धुतले कोण जाणे.

१० मे, गुरुवार

दूध कालच आणून फ्रीजमध्ये ठेवलं. वन्संना सांगायचं काही कारण नव्हतं.

सकाळी त्यांनी दुसरी बाटली उघडली. आधी कवळी काढली, धुऊन डबीत ठेवली, डबी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, पंधरा दिवस लागणार नसल्यासारखी. मग गोळी घेतली. तोंड अजून आलेलं नाही.

माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. पेल्यात गार दूध ओतलं.